म्हातारं कुत्रं अचानक कोसळलं तर: काय तपासायचं, काय करायचं आणि निर्णय कधी घ्यायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. बारा वर्षांचा लॅब्रेडॉर, वजन ३२ किलो. रात्री नीट जेवला, फिरून आला. सकाळी उठायला गेला आणि एका अंगावर पडला. मान डावीकडे कललेली, बुबुळं सारखी हलताहेत, दोनदा उलटी झाली, उभं राहता येत नाही. फोनवर कुणीतरी ‘पॅरालिसिस आहे, वय झालंय’ असं सांगितलं आणि आता इंजेक्शन देऊन त्याला सोडवावं का, यावर घरात बोलणं सुरू झालं आहे.

आज तो निर्णय घेऊ नका. तुम्ही सांगता ती लक्षणं पॅरालिसिसची कमी आणि आतल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेची जास्त आहेत. या वयात ही यंत्रणा कधीकधी एकाएकी बिघडते आणि बहुतेक कुत्री त्यातून दोन-तीन आठवड्यांत सावरतात. म्हाताऱ्या कुत्र्यांच्या अचानक आजारांत दिसणं आणि गांभीर्य यांचा मेळ बसत नाही. गडगडा लोळणारं, डोळे फिरवणारं कुत्रं पाहून घरचे हाय खातात, पण ते सहसा वाचतं. ज्याचं फक्त ‘आज जरा गप्प आहे’ असं वर्णन होतं, त्याच्या पोटात रक्तस्राव चालू असू शकतो आणि ते संध्याकाळही पाहत नाही. म्हणून चेहऱ्याकडे पाहून अंदाज बांधण्याआधी पाच मिनिटं शांतपणे तपासा.

पहिली पाच मिनिटं

वरचा ओठ उचलून हिरड्या पाहा. निरोगी हिरडी गुलाबी आणि ओलसर असते. बोटाने दाबून सोडलं की पांढरा झालेला ठसा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. हिरड्या पांढऱ्याफटक, राखाडी, निळसर किंवा विटेसारख्या लाल असतील, तर इथून पुढचं वाचू नका, गाडी काढा. काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात. त्यांच्या खालच्या पापणीची आतली बाजू पाहा.

मग श्वास. कुत्रं झोपलेलं किंवा निवांत असताना छाती ३० सेकंदांत किती वेळा वर येते ते मोजून दुप्पट करा. मिनिटाला ३०च्या आत असेल तर ठीक. झोपेतही ४०च्या वर असेल आणि पोट आत ओढून श्वास घेत असेल, तर फुप्फुसात किंवा छातीत पाणी असण्याची शक्यता मोठी. मागच्या मांडीच्या आतल्या बाजूला बोटं ठेवली की नाडी लागते. मोठ्या कुत्र्याची नाडी निवांत असताना मिनिटाला ६० ते १२०. पडून असलेल्या कुत्र्याची १५०च्या पुढे धावत असेल आणि बोटाला दोऱ्यासारखी बारीक लागत असेल, तर रक्तदाब कोसळतोय असं समजा. तापमान गुदद्वारात साध्या डिजिटल थर्मामीटरने घ्या, टोकाला व्हॅसलीन लावून. १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट हे कुत्र्याचं नेहमीचं तापमान आहे. माणसाच्या हिशेबाने ‘१०२ ताप’ म्हणून औषध देऊ नका. ९९च्या खाली उतरलेलं तापमान मला १०४पेक्षा जास्त काळजीचं वाटतं.

पोट दोन्ही हातांनी हलकेच चाचपा. ढोलासारखं ताणलंय का, कालपेक्षा मोठं दिसतंय का, हात लावताच कण्हतो का. शेवटी पाय. कुणीतरी कमरेला आधार द्या आणि एकेक पंजा उलटा वळवून त्याची वरची बाजू जमिनीला टेकवा. मज्जासंस्था ठीक असेल तर कुत्रं पंजा लगेच सरळ करतं. उलटा पंजा तसाच राहिला, तर बिघाड फक्त कानात नाही. तो मेंदूत किंवा मणक्यात आहे.

हे सगळं कागदावर वेळेसकट लिहून ठेवा आणि डोळ्यांचा व चालीचा २०-३० सेकंदांचा व्हिडिओ काढा. दवाखान्यात पोहोचेपर्यंत लक्षणं बदलतात. डॉक्टरांना त्या व्हिडिओचा उपयोग तुमच्या वर्णनापेक्षा जास्त होतो.

मान कलणं आणि डोळे हलणं

हिरड्या गुलाबी, श्वास शांत, पंजे लगेच सरळ होतात, हाक मारली की कान टवकारतो, पण तोल अजिबात नाही: हे चित्र वार्धक्यातल्या व्हेस्टिब्युलर, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या, आजाराचं आहे. नेमकं कारण बहुतेक वेळा सापडत नाही. मान ज्या बाजूला कलते ती सहसा बिघडलेली बाजू. बुबुळं त्या बाजूला हळू सरकतात आणि उलट बाजूला झटक्याने जातात. हालचाल आडवी किंवा गोलाकार असेल तर कानाकडे बोट जातं. खाली-वर असेल किंवा डोकं वेगवेगळं धरल्यावर दिशा बदलत असेल, तर मेंदूकडे. गुंगी, ओळख न लागणं, एका बाजूच्या पायांतला जोर जाणं, ही लक्षणंही मेंदूचीच.

पहिले २४ ते ४८ तास सर्वांत वाईट असतात. कुत्र्याला बोट लागल्यासारखी मळमळ होत असते, म्हणूनच लाळ, उलट्या आणि अन्नाकडे पाठ. ७२ तासांच्या आत डोळ्यांची हालचाल मंदावायला लागते, आठवड्याभरात भिंतीच्या आधाराने चालणं जमतं, दोन-तीन आठवड्यांत बरंचसं पूर्ववत होतं. मान थोडी कललेली कायम राहू शकते, त्याने त्याचं काही अडत नाही. ७२ तासांत काडीचाही फरक पडला नाही किंवा वाढतच गेलं, तर निदान चुकलंय असं धरून पुढच्या तपासण्या करायच्या. मेंदूतला रक्तपुरवठा खंडित होण्याचा खरा झटकाही कुत्र्यांना येतो, विशेषतः किडनीचा आजार, कुशिंग (शरीरात स्टेरॉइड संप्रेरक जास्त होण्याचा आजार) किंवा उच्च रक्तदाब असेल तर. त्यातूनही अनेक कुत्री काही आठवड्यांत उभी राहतात. त्यामुळे ‘स्ट्रोक’ हा शब्द ऐकून हातपाय गाळू नका, रक्तदाब मोजून घ्या. वरचा आकडा १८०च्या पुढे असेल तर त्याचे उपचार वेगळे आहेत.

सापडण्यासारखी तीन कारणं आधी तपासायला सांगा. एक, कान. लॅब्रेडॉर आणि कॉकर स्पॅनियल यांना पावसाळ्यात कानाचा संसर्ग नेहमी होतो. तो पडद्याच्या आत मधल्या कानात गेला की मान कलते, शिवाय त्याच बाजूचा ओठ लोंबतो किंवा बाहुली बारीक होते. घरात कानाचे थेंब चालू असतील तर ते आजच थांबवा. पडदा फाटलेला असताना जेंटामायसिनसारखी औषधं किंवा क्लोरहेक्सिडिनचं द्रावण आत गेलं, तर त्यानेच तोल जातो आणि ऐकूही कमी येतं. मधल्या कानाच्या संसर्गाला पोटातून अँटिबायोटिक निदान चार ते सहा आठवडे लागतं, पाच दिवसांच्या कोर्सने भागत नाही. दुसरं, मेट्रोनिडाझोल. जुलाब झाले की आपल्याकडे हे औषध सर्रास दिलं जातं. डोस जास्त झाला किंवा आठवडेच्या आठवडे चालू राहिलं तर मेंदूवर परिणाम होऊन हुबेहूब अशीच लक्षणं दिसतात. औषध बंद केलं की ती उतरतात. म्हणून गेल्या महिन्याभरात दिलेल्या प्रत्येक गोळीचं पाकीट दवाखान्यात न्या. तिसरं, थायरॉइड कमी असणं. अंगावर चरबी, आळस, शेपटीचे केस गेलेले, असं आधीपासून असेल तर ही तपासणी करून घ्या.

उपचारात सर्वांत महत्त्वाची आहे ती मळमळ थांबवणं. मॅरोपिटंट किलोला १ मि.ग्रॅ. याप्रमाणे इंजेक्शनातून दिवसातून एकदा. ३२ किलोला ३२ मि.ग्रॅ. उलट्या थांबल्या की तोंडातून गोळी, किलोला २ मि.ग्रॅ. मळमळ गेली की कुत्रं खातं आणि खाल्लं की घरच्यांना धीर येतो, म्हणून मी यावर इतका भर देतो. स्टेरॉइडचं इंजेक्शन पहिल्याच दिवशी टोचलं जातं, पण या आजारात त्याचा फायदा सिद्ध झालेला नाही. तुमचा लॅब्रेडॉर सांधेदुखीसाठी मेलॉक्सिकॅम किंवा कार्प्रोफेनवर असेल, तर ते आधी सांगा. ही औषधं आणि स्टेरॉइड एकत्र झाली की जठराला व्रण पडतात, रक्तस्राव होतो आणि वाचलं असतं असं कुत्रं औषधापायी दगावतं.

घरची शुश्रूषा

गुळगुळीत टाइल्स हा या आजारातला मोठा शत्रू. एका छोट्या खोलीत सतरंज्या, योगा मॅट किंवा दारातली रबरी पायपुसणी टाकून पाय रोवता येतील अशी जागा करा. जिन्याला अडथळा लावा. दिवा मंद ठेवा, पण पूर्ण अंधार नको. कानाने तोल सांभाळला जात नाही तेव्हा कुत्रं डोळ्यांच्या आधाराने तो सावरतं. उचलून इकडेतिकडे नेऊ नका, प्रत्येक वेळी त्याला जग पुन्हा गरगरतं. उचलावंच लागलं तर छातीखाली आणि मांड्यांखाली हात घालून, त्याचं अंग आपल्या अंगाला चिकटवून, सावकाश.

बऱ्याच कुत्र्यांना बिघडलेल्या बाजूवर पडून राहणं सोसतं, दुसऱ्या कुशीवर केलं की ती गडगडा लोळतात. अशा वेळी पोटावर बसतं करा आणि दोन्ही अंगांना गोधडीच्या गुंडाळ्या लावा. कूस दर तीन-चार तासांनी बदललीच पाहिजे, रात्रीसुद्धा. एकाच कुशीवर पडून राहिलं की खालचं फुप्फुस दबतं आणि कोपर, माकडहाड, खुबा इथे जखमा होतात. ३० किलोच्या कुत्र्याच्या अशा जखमा दोन दिवसांत पडतात आणि भरायला महिना घेतात. अंथरूण किमान चार इंच जाड असावं.

पाणी आणि अन्न फक्त बसतं असताना, डोकं सरळ धरून. चमच्याने किंवा सिरिंजने तोंडात पाणी ओतू नका. गिळण्याचा ताळमेळ नसलेल्या कुत्र्याच्या ते थेट श्वासनलिकेत जातं आणि तिसऱ्या दिवशी न्यूमोनिया होतो. तोल गेलेली म्हातारी कुत्री मूळ आजाराने क्वचित आणि या न्यूमोनियाने जास्त जातात. भांडं हनुवटीखाली धरा किंवा ओंजळीतून चाटू द्या. दिवसाची गरज किलोला साधारण ५० मि.लि., म्हणजे ३२ किलोला दीड लिटरच्या आसपास. उलट्यांमुळे २४ तासांत काहीच पोटात राहिलं नाही तर सलाइन लागेल.

अन्नाचा हिशेब: वजनाला ३० ने गुणा आणि ७० मिळवा. ३२ किलोला साधारण १००० कॅलरी. पाव किलो शिजलेलं बिनहाडाचं चिकन आणि साडेचारशे ग्रॅम मऊ भात यात तेवढ्या भरतात. शाकाहारी घरात उकडलेली अंडी चालत असतील तर ती, नाहीतर पनीर आणि भात. कांदा, लसूण, मसाला काही नाही. पहिल्या दिवशी याच्या एक तृतीयांश पोटात गेलं तरी पुरे. लाडवाएवढे गोळे करून हातावरून द्या.

लघवीकडे लक्ष ठेवा. बारा तासांत झाली नसेल तर पोटाखालून टॉवेलची झोळी घालून अंगणात किंवा गच्चीवर उभं करा. घरात न करण्याची सवय असलेली कुत्री मूत्राशय फुटेस्तोवर धरून ठेवतात. ओलं झालं तर कोमट पाण्याने पुसून कोरडं करा आणि खोबरेल तेलाचा पातळ हात द्या.

जे दिसायला साधं असतं

आता ज्यांना वेळ नसतो ते आजार. यातला एक मी सविस्तर सांगतो, कारण त्याची पहिली सूचना बहुतेक घरांत उन्हावर किंवा वयावर ढकलली जाते.

लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या जातीचं आठ वर्षांपुढचं कुत्रं फिरताना मटकन बसतं. हिरड्या फिक्या पडतात. अर्ध्या दिवसात ते उठतं, थोडं खातं, शेपूट हलवतं. घरचे सुटकेचा श्वास सोडतात. आत काय झालेलं असतं? प्लीहेवर (स्प्लीन, पोटातला रक्त साठवणारा अवयव) वाढलेली गाठ फुटून पोटात रक्त सांडलेलं असतं, गुठळी बसल्याने स्राव तात्पुरता थांबलेला असतो आणि सांडलेल्या रक्तातलं बरंचसं शरीर पुन्हा शोषून घेतं. म्हणून तरतरी परत येते. पुढचा स्राव काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी होतो आणि तो बहुधा मोठा असतो. फिक्या हिरड्यांसह कोसळून ‘आपोआप बरं झालेलं’ प्रत्येक मोठं कुत्रं त्याच दिवशी पोटाच्या सोनोग्राफीला गेलं पाहिजे. तपासणीला फार वेळ लागत नाही. पोटात पाणी दिसलं तर सुईने थेंबभर काढून पाहतात. न गोठणारं रक्त आलं की निदान झालं. इथे हिमोग्लोबिनवर विसंबून राहू नका. रक्त वाहून जाताना पेशी आणि द्रव दोन्ही सारखेच जातात, त्यामुळे पहिल्या काही तासांत आकडा नॉर्मल येतो. रक्तातली प्रथिनं आधी उतरतात.

उपाय म्हणजे प्लीहा काढणं. त्याआधी छातीचे एक्स-रे आणि जमल्यास हृदयाची सोनोग्राफी, कारण ही गाठ कर्करोगाची असेल तर तशीच गाठ हृदयाच्या उजव्या कप्प्यावरही असू शकते. ढोबळमानाने प्लीहेच्या गाठींपैकी दोन तृतीयांश कर्करोगाच्या असतात आणि त्यातल्या दोन तृतीयांश हेमँजिओसार्कोमा या वाईट जातीच्या. गाठ फुटून पोटात रक्त असेल तर वाईट निघण्याची शक्यता याहून जास्त. उरलेल्या निव्वळ रक्ताच्या गाठी किंवा साध्या वाढी असतात आणि त्या शस्त्रक्रियेने कायमच्या बऱ्या होतात. सोनोग्राफीत किंवा नुसत्या डोळ्यांनी हा फरक कळत नाही, बायोप्सीनेच कळतो. हेमँजिओसार्कोमा निघाला तर नुसत्या शस्त्रक्रियेनंतर साधारण एक ते तीन महिने मिळतात, केमोथेरपीसह चार ते सहा. हे आकडे शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाण्याआधी डॉक्टरांशी बोला. शस्त्रक्रियेनंतर २४ ते ४८ तास हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका असतो, म्हणून ईसीजीवर लक्ष ठेवणारं कुणीतरी रात्री असेल अशीच जागा निवडा.

रक्त लागलं तर: दाता २५ किलोच्या वरचा, एक ते आठ वर्षांचा, लसीकरण झालेला आणि गोचीड तापाची तपासणी निर्दोष असलेला. एका वेळी ४५० मि.लि.पर्यंत घेता येतं. ज्या कुत्र्याला आयुष्यात कधी रक्त दिलेलं नाही त्याला पहिलं रक्त गट न जुळवताही सहसा सोसतं. दुसऱ्यांदा देताना क्रॉसमॅच, म्हणजे दोघांचं रक्त जुळतं का याची तपासणी, केलीच पाहिजे. तुमच्या भागातल्या दोन-तीन मोठ्या कुत्र्यांच्या मालकांशी आजच बोलून ठेवा, रात्री एक वाजता दाता शोधणं फार अवघड जातं.

मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्याला, म्हणजे ग्रेट डेन, डॉबरमन, जर्मन शेफर्ड यांना, सारख्या ओकाऱ्या येताहेत पण फेसाशिवाय काही बाहेर पडत नाही आणि पोट फुगतंय: जठराला पीळ पडलाय. हातात काही तासच आहेत. गॅसचं औषध, इनो, ओवा काहीही देऊ नका, सरळ शस्त्रक्रिया होऊ शकेल अशा ठिकाणी जा. नसबंदी न झालेली मादी, माजावर येऊन एक-दोन महिने झालेत, पाणी जास्त पिते, खात नाही, उलट्या करते: गर्भाशयात पू. बाहेर स्राव दिसत नसेल तर तो प्रकार उलट जास्त घातक, कारण पू आतच साठतो. वय बारा असलं तरी गर्भाशय काढणं हाच उपाय आहे, आणि पहिल्या दिवशी केली तर म्हातारी मादीसुद्धा ही शस्त्रक्रिया चांगली सोसते. हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साठूनही कुत्रं असंच कोसळतं. ते सुईने काढलं की काही मिनिटांत उठून बसतं.

श्वासाचे दोन प्रकार वेगळे ओळखा. म्हातारा पॉमेरेनियन किंवा तत्सम छोटं कुत्रं रात्री खोकतं, झोपत नाही, बसूनच राहतं, तर हृदयाच्या झडपेचा आजार वाढून फुप्फुसात पाणी झालेलं असू शकतं. त्याला आडवं पाडू नका, सलाइन लावू देऊ नका. त्याला पाणी काढणारं इंजेक्शन आणि ऑक्सिजन हवा. म्हाताऱ्या लॅब्रेडॉरचं भुंकणं घोगरं झालंय, श्वासाला घरघर आहे आणि उकाड्याच्या दिवशी तो कोसळला, तर स्वरयंत्राचे पडदे उघडत नाहीत. अंगावर साधं नळाचं पाणी ओता, पंखा लावा, वाटेत गाडीचा एसी. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते. तापमान १०३.५ला आलं की पाणी थांबवा.

फिट आली तर घड्याळ पाहा. पाच मिनिटांच्या पुढे गेली किंवा २४ तासांत दोनदा आली तर दवाखाना. तोंडात चमचा, बोट काहीही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याने फिट थांबत नाही, चावा मात्र बसतो. आयुष्यातली पहिली फिट म्हातारपणी आली असेल तर साखर, यकृत, किडनी आधी पाहायचं, मग मेंदूतली गाठ.

काय देऊ नये

पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, यातलं काहीही नाही, अर्धी गोळीसुद्धा नाही. यांनी जठर, किडनी किंवा यकृत जातं आणि खरा आजार झाकला जातो. तरतरी यावी म्हणून मनुका देऊ नका, त्याही किडनीला घातक. गूळ-पाणी किंवा मध फक्त एकाच प्रसंगी: मधुमेहासाठी इन्सुलिन घेणारं कुत्रं थरथरून कोसळलं तर बोटाने हिरड्यांवर चोळा आणि निघा.

दवाखान्यापर्यंत आणि तिथे गेल्यावर

जाड चादर जमिनीवर पसरा, कुत्र्याला तिच्यावर सरकवा, दोघांनी चार टोकं धरून उचला. रिक्षात मागच्या सीटवर नाही तर पायाशी ठेवा, पडण्याची भीती राहत नाही. दुखत असताना सर्वांत प्रेमळ कुत्रंही चावतं, म्हणून ओढणीचं मुसकं बांधा. मात्र उलटी होत असेल किंवा श्वास लागला असेल तर अजिबात बांधू नका. निघण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचारा: डॉक्टर आत्ता आहेत का, सोनोग्राफी आहे का, रात्रभर कुणी थांबतं का.

मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आणि तिथलंच पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांतही शिकवण्यासाठी चालवलेले दवाखाने आहेत आणि तिथला खर्च खासगीपेक्षा बराच कमी असतो. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गाईम्हशींचं काम जास्त असतं, तरी सलाइन, उलटीचं इंजेक्शन आणि रक्ताची काचपट्टी (काचेवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं) यांसाठी पशुधन विकास अधिकाऱ्यांकडे जायला संकोच करू नका. मोठ्या गावी जाण्याआधीचा हा थांबा बऱ्याचदा जीव तारतो.

पैसे मर्यादित असतील तर क्रम असा ठेवा: रक्तातल्या पेशी, प्लेटलेट आणि काचपट्टी, क्रिएटिनिन (किडनी किती काम करतेय ते सांगणारा आकडा), साखर, मग पोटाची सोनोग्राफी, मग छातीचा एक्स-रे. एमआरआय सर्वांत शेवटी, आणि तोही निष्कर्षाने उपचार बदलणार असतील तरच. प्लेटलेट कमी, नाकातून रक्त, ताप, अशक्तपणा असेल तर गोचीड ताप. काचपट्टीवर जंतू दिसला नाही म्हणून तो नाही असं होत नाही. एर्लिकिया या गोचीड तापाच्या जंतूसाठी डॉक्सीसायक्लिन किलोला रोज १० मि.ग्रॅ., २८ दिवस, खाण्याबरोबर आणि वर पाणी पाजून. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकली की तिथे व्रण होतो. लघवी कॉफीसारखी आली तर बबेसिया हा गोचिडीतूनच येणारा दुसरा जंतू, त्याचं औषध वेगळं आहे. पावसाळ्यात डोळे पिवळे झाले तर लेप्टो समजून हातमोजे घाला. तो लघवीतून माणसाला होतो.

क्रिएटिनिनबद्दल एक गोष्ट ठासून सांगायची आहे. उलट्या करणाऱ्या, पाणी न प्यायलेल्या कुत्र्याचं पहिल्या दिवशीचं क्रिएटिनिन ६ आलं म्हणजे किडनी संपली असं नाही. सलाइन सुरू होण्यापूर्वी लघवीचा नमुना घ्यायला सांगा. तिची घनता १.०३०च्या वर असेल तर किडनी काम करतेय आणि आकडा पाणी कमी झाल्याने चढलाय. ४८ ते ७२ तास सलाइन दिल्यावर पुन्हा मोजा. निर्णय त्या दुसऱ्या आकड्यावर घ्यायचा. पहिल्या आकड्यावर झोपवली गेलेली कुत्री थोडी नाहीत, आणि हे टाळता येण्यासारखं आहे.

थांबायचं कधी

काही वेळा उत्तर त्याच दिवशी स्पष्ट असतं: पोटात रक्त, छातीत पसरलेल्या गाठी, शस्त्रक्रिया शक्य नाही. तेव्हा ताटकळत ठेवणं हा त्याच्यावरचा अन्याय आहे. पण निदान झालेलं नाही, हिरड्या गुलाबी आहेत आणि वेदना आटोक्यात ठेवता येतात, तेव्हा ७२ तास द्या. त्या तीन दिवसांत रोज ठरावीक वेळी लिहा: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. अमेरिकी पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांची ही सात मुद्द्यांची पद्धत आहे. प्रत्येकाला शून्य ते दहा गुण, बेरीज ३५च्या वर असेल तर पुढे जायला हरकत नाही. माझ्या मते यातली वेदना आणि यादीत वेगळा न दिलेला श्वास यांना वेगळं वजन द्यावं. श्वासासाठी झगडणारं कुत्रं बाकी सगळ्यात चांगले गुण मिळवत असलं तरी त्याला ताटकळत ठेवू नये. घरातल्या प्रत्येकाने गुण वेगवेगळे लिहा आणि नंतर एकमेकांशी ताडून पाहा. रात्रंदिवस सेवा करणाऱ्या आईचे आणि संध्याकाळी घरी येणाऱ्या मुलाचे आकडे सारखे येत नाहीत, आणि आईचं म्हणणं तिथे पहिल्यांदा ऐकलं जातं.

खर्चाची मर्यादा आहे म्हणून थांबावं लागलं, तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. ती मर्यादा डॉक्टरांना पहिल्याच भेटीत आकड्यात सांगा, म्हणजे ते तेवढ्यात सर्वांत उपयोगी काय ते निवडू शकतात.

झोपवायचं ठरलं तर क्रम आधी विचारून घ्या. पहिलं इंजेक्शन गुंगीचं, पाच-दहा मिनिटांत तो गाढ झोपतो. मग शिरेत सुई आणि भुलीच्या औषधाचा जादा डोस. पूर्ण भूल चढण्याआधी पोटॅशियम किंवा मॅग्नेशियमचं इंजेक्शन द्यायला कुणी निघालं तर थांबवा. ते जागेपणी अतिशय वेदनादायक असतं. हृदय थांबल्यावरही एक-दोन मोठे श्वास येऊ शकतात, लघवी होते, डोळे उघडे राहतात. त्याला त्यातलं काही कळत नसतं, पण माहीत नसेल तर घरचे हादरतात. शक्य असल्यास डॉक्टरांना घरी बोलवा. घरात दुसरं कुत्रं असेल तर त्याला नंतर जवळ येऊन हुंगू द्या.

अंत्यविधीची सोय महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाकडे आधी विचारा. स्वतःच्या शेतात पुरणार असाल तर विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब, किमान चार फूट खोल, वर जड दगड. भुलीचं औषध शरीरात बराच काळ टिकतं आणि उकरून खाणारी भटकी कुत्री, कोल्हे किंवा गिधाडं त्याने मरतात.